‘वरून निधी नाही’ या उत्तराचं काय करायचं?

हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावातून महिला बचत गटाच्या अध्यक्षांचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

“संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे मिळून आमच्या गावात मार्चपर्यंत ८६ लाभार्थी होते, त्यात ९ दिव्यांग. त्यातली ११ नावं यादीतून गेली. उरलेल्यांत दिवाळीआधीच्या दोन महिन्यांचे पैसे काहींना आले, काहींना नाही. नवे १४ अर्ज आठ महिने तहसीलमध्ये पडून आहेत. विचारायला गेलं की एकच उत्तर, ‘वरून निधी नाही’. गावात लोक म्हणतात की आमचा पैसा लाडकी बहीण योजनेला वळवला, आणि पुढच्या वर्षी निराधार योजनेला कात्रीच लागणार. आम्ही मोर्चा काढावा, की आमदारांना निवेदन द्यावं? आणि लाडकी बहीणच्या विरोधात बोलावं का? आमच्या गटातल्या निम्म्या बायका तिच्या लाभार्थी आहेत.”

ताई, तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या तक्रारी एकात मिसळल्या आहेत. ११ नावं गेली ही एक, काहींचे पैसे थांबले ही दुसरी, १४ अर्ज पडून आहेत ही तिसरी. तिन्हींना तहसीलमधून एकच उत्तर मिळतं, म्हणून तिन्हींचं कारणही एकच असेल असं वाटतं. तसं बहुतेक वेळा नसतं. ‘निधी नाही’ हे उत्तर यातल्या फार तर एका तक्रारीला लागू पडू शकतं. म्हणून आधी वर्गवारी करा, मग मोर्चाचं ठरवा. नाहीतर शंभर माणसं ऊन सोसून तहसीलवर जातील आणि ‘तुमची भावना वर कळवतो’ एवढं ऐकून परत येतील.

थांबलेल्या पैशांपासून सुरुवात करू. डिसेंबर २०२४ पासून या योजनांचे पैसे डीबीटी (थेट लाभ हस्तांतरण) पोर्टलवरून थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा करायला सुरुवात झाली. त्याआधी रक्कम तहसीलला यायची, तिथून यादीसोबत बँकेत जायची. तेव्हा ‘निधी आला नाही’ हे तहसीलचं उत्तर खरं असू शकत होतं. आता तहसीलचं मुख्य काम आहे पोर्टलवरची यादी बरोबर ठेवणं. त्यामुळे एक साधी परीक्षा घ्या. ज्या महिन्याचे पैसे आले नाहीत, त्या महिन्याचे पैसे गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या त्याच योजनेच्या, त्याच प्रवर्गाच्या दुसऱ्या कोणाला आले आहेत का, ते पासबुकावर पाहा. आले असतील, तर निधी होता. अडचण त्या माणसाच्या खात्यात, आधारमध्ये किंवा पोर्टलवरच्या नोंदीत आहे.

‘त्याच प्रवर्गाच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. या योजनांचा पैसा अर्थसंकल्पात सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशा तीन वेगळ्या शीर्षांखाली ठेवलेला असतो आणि वेगवेगळ्या आदेशांनी सुटतो. एका गल्लीत पैसे येतात आणि दुसऱ्या गल्लीत येत नाहीत, याचं कारण पुष्कळदा हेच असतं. श्रावणबाळमध्ये आणखी एक गुंता आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेल्या वृद्धांना मिळणाऱ्या १,५०० रुपयांत केंद्राचे २०० (वय ८० च्या पुढे ५००) आणि बाकीचे राज्याचे असतात. एक भाग आला आणि दुसरा अडला, असंही होतं. म्हणून पासबुकात फक्त ‘आले की नाही’ एवढंच बघू नका, किती आले तेही बघा. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये आहेत; त्यांना अजून १,५०० च येत असतील तर ती नावं वेगळी काढा. पोर्टलवर त्यांची दिव्यांग म्हणून नोंद झाली आहे का, प्रमाणपत्राचा तपशील भरला आहे का, ते तपासायला सांगा.

निधी होता आणि तरी पैसे आले नाहीत, तर पहिला संशय बँक जोडणीचा धरा. खात्याला आधार ‘दिलेला’ असणं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधली देवघेव सांभाळणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत ते खातं आधारशी ‘जोडलेलं’ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजीने जिल्हा बँकेत आधारची झेरॉक्स दिली असेल, पण मध्यंतरी कोणीतरी तिचं दुसऱ्या बँकेत शून्य शिलकीचं खातं उघडून दिलं असेल, तर शेवटी जोडलेल्या त्या खात्यात पैसे जातात. आजीला त्या खात्याची आठवणही नसते. माय आधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडलं की आत्ता कुठली बँक जोडलेली आहे ते दिसतं. फक्त आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा, कारण ओटीपी त्यावर येतो. गटातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला एका दुपारी बसवलं तर पंधरा-वीस जणांचं पाहून होईल. आमचा अंदाज असा की थांबलेल्या पैशांपैकी बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच सुटेल. उरतील ती नावं खऱ्या अर्थाने ‘निधी’च्या तक्रारीची.

आता गेलेली ११ नावं. इथे निधीचा काही संबंध नाही. नाव कमी करायला कारण लागतं आणि ते कारण कागदावर असावं लागतं. नेहमीची कारणं अशी: वर्षातून एकदा द्यायचा हयातीचा दाखला राहिला, उत्पन्नाचा दाखला जुना झाला, आधारवरचं वय आणि अर्जावरचं वय जुळलं नाही, पडताळणीच्या दिवशी बाई मुलीकडे गेली होती आणि ‘गावात राहत नाही’ असा शेरा पडला, किंवा वय ६५ झालं म्हणून संजय गांधी योजनेतून नाव काढलं, पण श्रावणबाळमध्ये घातलंच नाही. हे शेवटचं फार होतं आणि त्यात लाभार्थ्याचा काडीचाही दोष नसतो. प्रत्येकीच्या नावाने तहसीलदारांना वेगळा अर्ज द्या: ‘माझं नाव कमी केल्याचा आदेश, त्याची तारीख, कारण आणि त्याआधी मला दिलेली नोटीस यांची प्रत मिळावी.’ अकरा जणींचा मिळून एक अर्ज देऊ नका. एकत्र अर्जाला एकत्र उत्तर मिळतं, ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात आली आहे’, आणि त्यावर पुढे काहीच करता येत नाही. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नोटीस न देताच नाव काढलं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. वकिलाची एक नोटीस गेली तरी पुष्कळदा फाइल हलते.

राहिले १४ अर्ज. सगळ्यांना ही तक्रार सर्वांत कमी महत्त्वाची वाटते, कारण त्या माणसांना अजून काही मिळतच नव्हतं, मग गमावलं काय? पण पुढच्या वर्षीची कात्री टाळायची तर तुमच्या हातातलं सर्वांत मोठं हत्यार हेच आहे. ते कसं, हे जरा सविस्तर सांगतो.

राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, पण कोणत्या योजनेला किती हे त्याच्या कितीतरी आधी ठरू लागतं. हिवाळ्याच्या तोंडावर विभाग आपले अंदाज वित्त विभागाकडे पाठवतात. त्यात दोन आकडे असतात: चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. सुधारित अंदाज काढताना पाहतात काय, तर एप्रिलपासून आतापर्यंत प्रत्यक्षात किती खर्च झाला. खर्च होतो मंजूर लाभार्थ्यांवर. अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीची बैठक झाली नाही म्हणून ज्याचा अर्ज पडून आहे, तो माणूस या हिशेबात नसतोच. ज्या ११ जणींची नावं गेली, त्याही नसतात. मग कागदावर चित्र उमटतं ते असं: तरतूद जास्त होती, गरज कमी निघाली. मार्चअखेरीस उरलेला पैसा विभाग परत करतो आणि पुढच्या वर्षी तेवढी तरतूद कमी केली तर कोणी हरकतही घेऊ शकत नाही, कारण खर्चाचा आकडाच तसं सांगतो. निराधारांच्या योजनेला कात्री लागते ती बहुधा अशी. सभागृहात कोणी उभं राहून ‘ही योजना आम्ही कमी करतो’ असं म्हणत नाही.

तुमच्या गावाचाच हिशेब मांडा. आज यादीत ७५ जण आहेत. गेलेल्यांत दिव्यांग कोणी नाही असं धरलं, तर ६६ जणांचे दरमहा ९९,००० आणि ९ दिव्यांगांचे २२,५००, मिळून १,२१,५०० रुपये. वर्षाला १४,५८,०००. गेलेले ११ आणि अडलेले १४ पात्र ठरून आत आले, तर वर्षाला १९,०८,०००. म्हणजे तुमच्या एका गावाची कात्री वर्षाला साडेचार लाखांची आहे आणि ती तहसीलमध्ये लागली आहे, मुंबईत नव्हे. तालुक्यातल्या पन्नास गावांतून असा हिशेब निघाला, तर तो आकडा आमदारांना सभागृहात नुसता वाचून दाखवता येतो.

म्हणून तालुका समितीची बैठक डिसेंबरच्या आत व्हावी यासाठी सगळा जोर लावा. समिती नेमलेली नसेल किंवा बैठक लांबत असेल, तर ती कधी झाली, किती अर्ज ठेवले, किती मंजूर झाले, याचं इतिवृत्त मागा. माहितीचा अधिकार यासाठीच आहे. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात, एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं. दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला शुल्क माफ आहे. त्यांनी दाखल्याची प्रत जोडायची. लोकांचं चुकतं ते ‘का’ विचारण्यात. ‘पैसे का थांबले?’ हा माहिती अधिकाराचा प्रश्न होत नाही. कागद मागायचा, आकडा मागायचा. असं लिहा:

“विषय: संजय गांधी निराधार अनुदान योजना व श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना, संपूर्ण तालुका. कालावधी: १ एप्रिल २०२५ ते अर्जाची तारीख. (१) दरमहा लाभार्थी संख्या, योजनानिहाय व सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती अशी वेगळी. (२) डीबीटी पोर्टलवर दरमहा पाठवलेली संख्या, रक्कम जमा झालेली संख्या आणि रक्कम जमा न झालेली कारणनिहाय संख्या. (३) यादीतून कमी केलेल्यांची कारणनिहाय व गावनिहाय संख्या. (४) महिनाअखेरीस प्रलंबित अर्जांची संख्या. (५) तालुका समितीच्या सभांच्या तारखा व इतिवृत्तांच्या प्रती.”

नावांची यादी मागू नका. ‘ही वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून सगळाच अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. तुम्हाला संख्या पुरे आहेत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत जोडपत्र ‘ब’ भरून, २० रुपयांचं स्टॅम्प लावून पहिलं अपील करा. पुष्कळ लोक इथेच सोडून देतात आणि कार्यालयांनाही ते माहीत असतं. म्हणून अर्ज टाकला त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिसाव्या दिवसावर खूण करून ठेवा.

एक अर्ज मंत्रालयात सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागालाही टाका. त्यात एवढंच मागायचं: या दोन योजनांची चालू वर्षाची मूळ तरतूद, पुरवणी मागणीतून (म्हणजे वर्षाच्या मध्ये सभागृहाकडून जादा मंजूर करून घेऊन) वाढलेली रक्कम, वित्त विभागाने वितरणाला परवानगी दिलेली रक्कम आणि झालेला खर्च, तिन्ही प्रवर्गांसाठी वेगळा. कारण तरतूद म्हणजे हातात आलेला पैसा नव्हे. वित्त विभाग वर्षभरात टप्प्याटप्प्याने अमुक टक्के वाटायला परवानगी देतो. कोरोनाच्या काळात ४ मे २०२० च्या निर्णयाने तर वर्षाच्या तरतुदीच्या ३३ टक्केच निधी उपलब्ध होईल असं ठरलं होतं. अर्थसंकल्पाचं पुस्तक तेच राहिलं, त्यातली अक्षरंही तीच राहिली, पैसा मात्र एक तृतीयांश झाला. वितरण किती झालं आहे, हे राज्याच्या बीम्स या संगणक प्रणालीतही पाहता येतं. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात २२३५ हे ‘सामाजिक सुरक्षा व कल्याण’चं मुख्य लेखाशीर्ष शोधा. योजनेच्या ओळीत चार आकडे असतील: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. भाषणात तुलना होते ती पहिल्या खर्चाशी किंवा सोयीच्या आकड्याशी. तुम्ही मूळ अंदाज आणि सुधारित अंदाज यांची तुलना करा. दुसरा लहान असेल, तर वर्षाच्या मध्येच पैसा काढून घेतला आहे.

आता लाडकी बहीण. गावात जे बोलतात त्यात तथ्य आहे, पण नेमकं काय झालं ते कळायला हवं. मे २०२५ मध्ये या योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाच्या खात्यातले ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख वर्ग झाले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. सरकारची बाजू अशी की अनुसूचित जाती-जमातीच्या बहिणींना तो पैसा जातो, म्हणून तो त्या वाट्यातून दिला. बाजू कोणाची खरी, हा वाद बाजूला ठेवा. त्यातून शिकायचं ते वेगळं आहे. एका ‘मागणी’खाली (म्हणजे विभागाने सभागृहापुढे मांडलेल्या खर्चाच्या एका गटाखाली) मंजूर झालेला पैसा सरकारला परस्पर दुसऱ्या मागणीत टाकता येत नाही, त्यासाठी पुन्हा सभागृहात यावं लागतं. त्याच मागणीतल्या एका ओळीतून दुसऱ्या ओळीत मात्र वित्त विभागाच्या संमतीने हलवता येतो. त्याला पुनर्विनियोजन म्हणतात. आणि त्या वर्षी तर या विभागांच्या वाट्यात लाडकी बहीणसाठी तरतूद मार्चमध्येच छापली गेली होती. ओरड झाली मे महिन्यात. तोवर मागण्या मंजूर होऊन गेल्या होत्या. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ते पुस्तक कोणीतरी उघडून बसायला हवं, ते याचसाठी.

तुमच्या गटातल्या बायकांना एकमेकींच्या विरोधात उभं करू नका. गरीब बाईच्या हातात १,५०० रुपये जातात ही लाडकी बहीणमधली चांगली गोष्ट आहे आणि ती मान्य करूनच बोला. मागणी अशी ठेवा: लाडकी बहीणचा पैसा महिला व बालविकासच्या मागणीतून यावा, निराधार योजनेच्या ओळीला हात लागू नये. शिवाय या दोन योजना एकमेकींना कुठे जोडलेल्या आहेत ते गटात समजावून सांगा. लाडकी बहीण वयाच्या ६५ पर्यंतच आहे आणि ६५ झाल्यावर नाव आपोआप श्रावणबाळमध्ये जात नाही. नवा अर्ज करावा लागतो. तिथे अट बदलते: लाडकी बहीणला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं, श्रावणबाळला मर्यादा २१,००० रुपयांची. म्हणजे आज लाभ घेणाऱ्या तुमच्या गटातल्या बहुतेक बाया म्हातारपणी, जेव्हा खरी गरज असेल तेव्हा, बाहेर राहतील. हे एकदा समजलं की निराधार योजनेसाठी सगळा गट एका आवाजात बोलेल.

या २१,००० बद्दल आम्हाला मनापासून राग आहे. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातल्या एकाने ६८ दिवस खडी फोडली की उत्पन्न २१,२१६ होतं आणि घरातली म्हातारी निराधार राहत नाही. कायद्याने कामाची हमी द्यायची आणि त्यातले ६८ दिवस काम केलं की पेन्शन काढून घ्यायची, हे कोणत्या हिशेबात बसतं? रक्कम १,५०० वर गेली, पण मर्यादा जुनीच राहिली, तर महागाईबरोबर दर वर्षी काही माणसं आपोआप बाहेर फेकली जातात. तुमच्या ठरावात ही मागणी पहिली असावी. (अर्ज भरण्याआधी चालू मर्यादा तहसीलच्या फलकावरून तपासून घ्याच, दिव्यांगांसाठी ती ५०,००० आहे.)

केंद्राच्या बाजूलाही हीच गत आहे. वृद्धांच्या पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा २००७ मध्ये २०० रुपये होता, आजही ६० ते ७९ वयासाठी २०० च आहे. तेव्हाच्या दोनशेत जे येत होतं, त्याचा आज फार तर एक तृतीयांश भाग येईल. राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमाची तरतूद २०२२-२३ मध्ये ९,६५२ कोटी होती, २०२५-२६ मध्येही ९,६५२ कोटीच. आकडा तोच राहिला, म्हणून कात्रीची बातमीही होत नाही. ग्रामीण विकासाच्या संसदीय स्थायी समितीने रक्कम वाढवा असं एकाहून अधिक वेळा सुचवलं आहे. हा विषय आमदारांचा नाही, खासदारांचा आहे. त्यांना वेगळं पत्र द्या आणि त्यात समितीच्या शिफारशीचा उल्लेख करा.

आमदारांना द्यायच्या निवेदनाबद्दल. ‘योजना वाचवा’ असं निवेदन ते घेतील, फोटो निघेल आणि कागद गाडीत राहील. त्यांच्या हातात सभागृहाचं आयुध ठेवा. तारांकित प्रश्नाची (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात) सूचना अधिवेशनाच्या महिनाभर तरी आधी जावी लागते; म्हणून मार्चच्या अधिवेशनासाठीचा मजकूर जानेवारीतच द्या. प्रश्न दोन ओळींत बसेल असा तुम्हीच लिहा: अमुक तालुक्यात अमुक तारखेला इतके अर्ज प्रलंबित आहेत हे खरे आहे काय, समितीची बैठक किती दिवसांत होणार, इतक्या जणांची नावं नोटिशीविना कमी झाली हे खरे आहे काय. डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. वर्षाच्या मध्ये पैसा कमी पडत असेल, तर तो वाढवून घेण्याची जागा ती. मार्चमध्ये विभागाच्या मागण्यांवर चर्चा होते, तेव्हा कपात सूचना देता येते. नाव ऐकून दचकू नका. मागणीत १०० रुपयांची लाक्षणिक कपात सुचवून त्या विभागाचं काय चुकतं आहे यावर बोलायचा तो मार्ग आहे, निधी खरोखर कमी करण्याचा नव्हे. विरोधी बाजूचे आमदारही तो वापरतात, म्हणून शेजारच्या मतदारसंघातल्या आमदारांनाही हाच कागद द्या. मंत्र्यांनी सभागृहात ‘तपासून कार्यवाही करू’ म्हटलं, तर ते सभागृहाच्या ‘आश्वासन समिती’च्या नोंदीत जाऊ शकतं. त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी आमदारांमार्फत त्याचं पुढे काय झालं ते विचारा.

जिल्हा नियोजन समितीच्या मागे मात्र लागू नका. निराधार योजनेचा पैसा तिच्याकडून येत नाही. तिथे निवेदनं देण्यात पुष्कळांचे महिने गेले आहेत.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावात भावना कमी आणि आकडे जास्त: लाभार्थी किती, कमी केलेले किती व कोणत्या कारणाने, प्रलंबित किती, गावाला वर्षाला लागणारी रक्कम १९,०८,००० रुपये. हाच नमुना शेजारच्या दहा गावांतल्या गटांना द्या. सगळ्या ठरावांचा मजकूर एकसारखा असला की तालुक्याची बेरीज एका संध्याकाळी होते.

मोर्चा? काढा, पण माहिती अधिकाराचं उत्तर हातात आल्यावर, आणि तारीख अर्थसंकल्पाच्या आधीची धरा. मागणी एकच ठेवा, जिला तहसीलदारांना त्याच दिवशी लेखी उत्तर देता येईल: ‘समितीची बैठक अमुक तारखेला होईल.’ दहा मागण्यांच्या मोर्चाला दहा गोलमोल उत्तरं मिळतात.

लांबचं एक सांगायला हवं. संजय गांधी निराधार योजना १९८० पासून चालू आहे, पण ती उभी आहे शासन निर्णयांवर. शासन निर्णय एका दुसऱ्या शासन निर्णयाने बदलतो. रेशनचं तसं नाही. माणशी पाच किलो धान्य २०१३ च्या कायद्यात लिहिलेलं आहे, ते कमी करायचं तर संसदेत जावं लागेल. आपल्या महाराष्ट्रानेच याचा धडा देशाला घालून दिला. वि. स. पागे यांनी पुढे नेलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्यात आली आणि तिच्यासाठी पैसा उभा राहावा म्हणून १९७५ पासून नोकरदारांकडून व्यवसाय कर घ्यायला सुरुवात झाली. पगारपत्रकात आजही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते याच करापोटी. हक्क कायद्यात आणि त्यासाठी पैशाचा झरा बांधून ठेवलेला, अशी ती रचना होती. अलीकडे राजस्थानने २०२३ च्या किमान हमी उत्पन्न कायद्यात पेन्शन निदान १,००० रुपये आणि दर वर्षी १५ टक्के वाढ असं लिहून टाकलं. अनुसूचित जाती-जमातींच्या वाट्याचा पैसा वळवला जाऊ नये म्हणून कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगणा यांनी स्वतंत्र कायदे केले. तेलंगणाच्या कायद्यात न खर्चलेला पैसा पुढच्या वर्षात नेण्याची सोय आहे. महाराष्ट्रात तसा कायदा नाही. तुमच्या ठरावाच्या शेवटी या मागणीची एक ओळ घाला: निराधार अर्थसहाय्य कायद्यात यावं आणि रक्कम व उत्पन्नमर्यादा दर वर्षी महागाईनुसार वाढावी. ती एका वर्षात मान्य होणार नाही. पण शंभर गावांच्या ठरावांत ती ओळ असली, तर पुढच्या निवडणुकीत उमेदवारांना तिच्याबद्दल विचारता येईल.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: ७५ पासबुकं गोळा करून एका वहीत महिन्यांचे रकाने पाडा, प्रत्येकाच्या नावापुढे प्रवर्ग, जमा तारीख आणि रक्कम लिहा. अकरा जणींचे वेगवेगळे अर्ज सोमवारी द्या. आदेशांच्या प्रती आल्या आणि आम्ही पाहाव्यात असं वाटलं तर जरूर पाठवा, पण झेरॉक्स काढताना आधार आणि खाते क्रमांकावर कागदाची पट्टी ठेवा.